दोन बोटांनी लहान

दत्ता, दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं पुरती मागं सरकली नव्हती, तोवर दोन-तीन उतरले आणि भात उचलून गेलेसुद्धा. "काही इच्छा राहिली न्हवती बघा," असं कुणीतरी म्हणालं, आणि नदीवरची सगळी मंडळी सुटल्यासारखी आपापल्या चपला शोधायला लागली. मी लांब उभा होतो. मला तुझा राग आला. बावीस वर्षं जे पोटात धरून बसलास ते कावळ्याला इतक्या स्वस्तात सोडवू दिलंस? निदान तासभर तरी ताटकळत ठेवायचं होतंस आम्हाला. मला तरी.

सगळे म्हणतात, दत्तू मिस्त्री शांत माणूस होता. शांत कसला, तू हट्टी होतास. मला ठाऊक आहे, कारण श्रीरामपुरातल्या त्या जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये तीस वर्षं आपण एकाच पत्र्याखाली घाम गाळला. तू मातीत पुतळा उभा करायचास, मी त्याचा साचा घ्यायचो आणि ब्राँझमध्ये ओतायचो. खाली नाव तुझं यायचं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुलाही सांगितलं होतं. तू फक्त हसला होतास.

तुझ्यामुळं मला घोडेगावचा जनावरांचा बाजार पाठ झाला. मला वाटलं होतं, तुला घोड्याच्या पुतळ्यासाठी जनावरं बघायची असतील. तू जनावरं बघतच नव्हतास, विकणारे बघत होतास. एक व्यापारी म्हैस घेऊन उंचवट्यावर उभा होता आणि येईल त्या गिऱ्हाइकाला बोलत बोलत उताराच्या बाजूला आणत होता. "बघ रशीदा," तू म्हणालास, "म्हैस तीच हाय. त्यानं मानूस खाली उभा केलाय. म्हशीला कायबी न करता हातभर वाढवली त्यानं." आणि मग तू त्या धुळीत उकिडवा बसलास आणि मान वर करून म्हशीकडं बघत राहिलास. तो व्यापारी म्हणाला, "पाव्हनं, म्हस घ्यायची हाय का तिच्या पाया पडायचंय?" येताना एसटीत मी तुला त्यावरून चिडवत आलो. तू खिडकीबाहेर बघत होतास. लागेल त्या गावच्या चौकातला पुतळा तुला दिसायचा, आणि प्रत्येक पुतळ्याला तू काहीतरी पुटपुटायचास. याचे पाय हत्तीचे. याचं बोट बघ, लोकांना धमकावतंय. हा चांगला माणूस होता, याला एवढ्या उंच चढवून लहान केलाय.

मग गुरुजींचं काम आलं. नाव लिहीत नाही, ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. एका आडगावात मुलींची शाळा काढून तिच्यासाठी आयुष्य झिजवलेला साधा मास्तर. ती शाळा काढायच्या आधी तू त्यांच्या हाताखाली शिकला होतास. नऊ फुटी पुतळा, दहा फुटी चौथरा. चौथरा दहा फुटी का, तर शेजारच्या गावातला नऊ फुटी होता. याच्यापलीकडं पुतळा समितीकडं काही कारण नव्हतं. "चौथरा चार फुटी करा, पोरींना गुरुजींचं तोंड दिसू द्या," असं तू सांगून पाहिलंस. अध्यक्ष म्हणाले, "मंग आमी काय शेजारच्या गावाकडं मान वर करून बघायचं व्हय?" तू दहा फुटांसाठी काम करायला लागलास.

तू काय केलंस ते मी आज लिहून ठेवतो, कारण ते कुणालाच माहीत नाही. तू डोकं मोठं केलंस. खांदे वाढवलेस, छाती थोडी पुढं झुकवलीस, पाय आवरलेस. "वर चढवलं की डोकं आभाळात जातं," तू म्हणायचास, "आन् आभाळ डोकं खातं. म्हनून आधीच जादा द्यायचं." आणि मातीचा पुतळा तीन फुटी ओट्यावर उभा करून, त्याच्यासमोर पंधरा-वीस पावलांवर गोडाऊनच्या जमिनीत तू छातीइतका खड्डा खणलास. आत उकिडवं बसलं की डोळे नेमके तिथं यायचे, जिथून चौकातला माणूस बघणार. दिवसातून शंभर वेळा तू त्या खड्ड्यात उतरायचास, वर यायचास, चिमूटभर माती लावायचास, परत उतरायचास. गुडघे मातीनं भरलेले. मी म्हणालो होतो, दत्ता, माणसं पुतळा करतात, तू विहीर खणतोयस.

आपल्या धंद्यात माती पास करायचा एक सोहळा असतो. समिती येते, नारळ फोडते, ओल्या मातीला हार घालते, चहा घेते, आणि मग जो मुख्य असेल तो मान हलवतो. त्याची मान हलल्याशिवाय साचा घ्यायचा नाही. त्या दिवशी सात जण आले. अध्यक्ष पुतळ्याला चिकटून उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "डोस्कं लई मोठं झालंय हो. गुरुजी काय गनपती हायेत व्हय?" बाकीचे हसले. तू त्यांना हात जोडून म्हणालास, "सायेब, इथून न्हाई. जरा खड्ड्यात उतरा. इथं बसून बघा."

"जिवंतपनी खड्ड्यात? आमाला न्हाई जमायचं बाबा."

मागचा एक जण उतरायला निघाला होता. त्यानं अध्यक्षांकडं बघितलं आणि पाय मागं घेतला. अध्यक्ष उतरत नाहीत तिथं सदस्य कसा उतरेल? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण आपल्याकडं पाचांचं तोंड एकाच्याच खिशात असतं. चहा पिऊन ते गेले. जाताना सांगून गेले, डोस्कं कमी करा, मंग पास.

त्यांच्यावर मी बावीस वर्षं तोंडसुख घेतलंय. पण दत्ता, मला तर कुणी अडवलं नव्हतं. तो खड्डा माझ्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर होता. मीही त्यात कधी उतरलो नाही.

उतरलो नाही, कारण मला वाटत होतं की मला कळतं. साचेवाल्याचा विश्वास हातावर आणि परकारावर. उभ्या माणसाच्या उंचीत साडेसात डोकी बसतात, हे तूच मला पहिल्या वर्षी शिकवलंस. तुझ्या गुरुजींना मी एका दुपारी परकार लावला, साडेसहाच बसत होती. संध्याकाळी तुला तसं म्हणालो. तू चिडला नाहीस. "तुझा परकार खरं बोलतो रशीदा. पर चौकात परकार येत न्हाई बघायला, मानूस येतो." मी म्हणालो, "मग काय सगळ्या चौकाला खड्ड्यात बसवशील?" तू म्हणालास, "सगळा चौक खड्ड्यातच हाय, तेच तर सांगतोय." मला वाटलं, दत्ता आता बोलण्यातच जिंकायला बघतोय. ते भांडण तिथंच राहिलं.

चार दिवसांनी तुझ्या आईला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. ती परत आलीच नाही. तू तिकडं तिचं करण्यात होतास, आणि इकडं अध्यक्ष दोघांना घेऊन माझ्याकडं आले. दुपारची वेळ. "रशीदभाई, तारीख ठरलीय, पाव्हनं ठरल्यात. तुमच्या हातात बी कला हायच की. तुमीच करा." मी तुला फोन करू शकत होतो. आई गेलेल्या माणसाला कशाला त्रास, असं मी मनाला सांगितलं. ते खोटं होतं. खरं हे की 'तुमच्या हातात बी कला हाय' असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. तूसुद्धा नाही.

दोन दिवस लागले. तारेच्या कोरणीनं मी कपाळ उतरवलं, गाल आत घेतले, हनुवटी, टोपी, कान. सगळीकडून दोन बोटं. चेहरा बिघडू दिला नाही, हे मी अजूनही म्हणेन. परकार लावला, साडेसात. समिती आली, नारळ फुटला. अध्यक्ष म्हणाले, "आता कसं आमचं गुरुजी दिसलं!" माझ्या गळ्यात हार घातला त्यांनी. मी त्याच दिवशी साच्याचं प्लास्टर कालवलं.

तू तेरावं उरकून आलास. डोक्याचं मुंडण, डोळे आत गेलेले. पुतळा प्लास्टरचा झालेला बघितलास आणि खड्ड्यात उतरलास. मी भट्टीजवळ उभा राहून बघत होतो. बराच वेळ तू वर आला नाहीस. आलास तेव्हा म्हणालास, "माती कुठंय?"

"मोडून भिजत घातली."

"बरं."

बस्स. एवढंच. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उभा होतो. उत्तरंही तयार ठेवली होती, साडेसात डोक्यांची, अध्यक्षांची, तारखेची. तू ती वापरायची वेळच आणली नाहीस. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, "मेन तापव." म्हणजे ओतकामाचं मेण, पुढचं काम सुरू कर.

अनावरणाच्या दिवशी दोरी ओढली, कापड खांद्याला अडकलं, काठीनं सोडवावं लागलं. मग ते खाली आलं आणि बँडवाले वाजवायचे थांबले. मी पहिल्यांदा गुरुजींना खालून बघत होतो. माझं साडेसात डोक्यांचं बरोबर माप वर जाऊन वाटाण्याएवढं झालं होतं. भलेमोठे बूट, त्यावर धोतराचा ढीग, त्यावर खांदे, आणि सगळ्यात वर आभाळात हरवलेलं काहीतरी. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "रांजनावर लिंबू ठेवलाय." हशा पिकला. अध्यक्ष सगळ्यांसमोर तुझ्याकडं वळले, "मिस्त्री, काय केलं हो हे?" तू माझ्याकडं पाहिलंस. मी पुतळ्याकडं पाहिलं.

त्या चौकाला मूळ नाव गुरुजींचं. आता ते कुणी घेत नाही. कंडक्टर घंटी मारून ओरडतो, "चला, लिंबूवाले उतरा." त्या गावावरून जायचं असलं की तू दोन स्टॉप आधी उतरून मागच्या बोळानं चालत जायचास. मला म्हणायचास, पाय मोकळे होतात.

त्यानंतर तुला मोठं काम आलं नाही. अर्धपुतळे आले, शाळेच्या आवारात, डोळ्यांच्या रेषेत, जिथं कुणीही चुकत नाही. देवळाचे कळस आले. पारनेरहून एकदा दोघं आले होते, सैनिकाच्या पुतळ्यासाठी. चांगलं काम होतं, माळावर, लांबून दिसेल असं. बोलणं जवळजवळ पक्कं झालं, आणि उठता उठता त्यातल्या एकानं विचारलं, "ते लिंबू तुमीच केलं ना?" मी तिथंच होतो, मेणाचा कान हातात घेऊन. माझ्याकडं एकदाही न बघता तू म्हणालास, "व्हय. मीच." ते परत आले नाहीत. मेणाचा कान हातातल्या हातात मऊ पडून मोडला, तो नवा करावा लागला.

तू चांगला होतास असं म्हणणं मला अवघड जातंय, कारण तुझ्या चांगुलपणानं मला फार छळलंय. भट्टीचं पात्र कलंडून माझा पाय भाजला तेव्हा दोन महिने तू मला मोपेडवर बसवून रोज पट्टी बदलायला नेलंस. मी मागं बसायचो, तुझी पाठ बघत. मनात म्हणायचो, आज हा बोलेल. रेल्वे फाटक बंद असलं की गाडी थांबायची आणि वाटायचं, आता. तू मागं न वळता विचारायचास, "दुखतंय का?" माझी सकीना गेली तेव्हा कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून तू सगळे जाईपर्यंत उभा होतास आणि मग मला तुझ्या घरी नेऊन शालनवहिनींच्या हातची भाकरी खायला लावलीस. हे सगळं केलंस. एक गोष्ट तेवढी केली नाहीस.

आणि मी? मीही बोललो नाही. तू जाण्याच्या आठवडाभर आधी संधी आली होती, तुला आठवत असेल. तू परत तुझं ते जुनं खूळ काढलंस: चौथराच नको, स्टँडसमोरच्या बाकावर बसलेला एक मास्तर, शेजारी जागा रिकामी. येणाऱ्यानं त्याच्या शेजारी बसावं, पोरांनी खांद्यावर हात टाकावा. "एकदा तरी मानसाएवढा मानूस करू," तू म्हणालास. मी म्हणालो, उघड्यावर माणसाएवढा केला तर पोराएवढा दिसेल. तू म्हणालास, "व्हय, म्हनून सव्वापट करायचा. शिकलास की तू." आणि मी बोलून गेलो, "बरोबर मापानं केलं की आपलं काय होतं ते मला माहीत आहे." तू हातातलं काम थांबवलंस. माझ्याकडं बघत राहिलास. तू वाट बघत होतास, दत्ता. एवढंही न कळण्याइतका मी मूर्ख नाही. मग चहावाला आला, आणि मी सुटे पैसे शोधायला उठलो.

गेल्या आठवड्यात त्या पुतळ्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. बाहेर फ्लेक्स लावला होता. वर अध्यक्षांचा चेहरा टोपलीएवढा, त्याखाली सदस्यांचे ताटाएवढे, आणि कोपऱ्यात श्रद्धांजलीच्या खाली तुझा, वाटीएवढा. तू असतास तर पोट धरून हसला असतास. आत अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आता काठी लागते त्यांना. म्हणाले, "मोठ्या कलावंताच्या हातून बी एखादी चूक व्हती. गुरुजींच्या डोस्क्याची चूक आपन सगळ्यांनी पदरात घेतली. आज मी जाहीर सांगतो, आमी दत्तू मिस्त्रींना माफ केलं." लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत शालनवहिनी पदर तोंडावर धरून बसल्या होत्या.

तुला माफ केलं त्यांनी! मी उठलो, स्टेजवर गेलो आणि माईक घेतला. बोललो. डोकं दत्तानं लहान केलं नव्हतं. तो आईचं करत होता. मी कापलं, सगळीकडून दोन बोटं, आणि ते तुम्ही सांगितलंत म्हणून, अध्यक्षसाहेब. त्यानं खड्डा खणला होता, तुम्ही उतरला नाहीत आणि मीही उतरलो नाही.

मग अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या हातातला माईक घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खरोखर भरून आले होते, हे सगळ्यात वाईट; बावीस वर्षांत त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. "बघा," ते म्हणाले, "मेलेल्या दोस्ताची चूक सोताच्या अंगावर घेनारा मानूस! मला बी वढतोय संगं, चालंल, दोस्तीपायी चालंल. जात न्हाई, धर्म न्हाई, ह्याला म्हनत्यात दोस्ती!" टाळ्यांनी पत्रे हलले. मी ओरडत होतो, खरं सांगतोय, परकार लावून कापलं. कुणाला ऐकू येत होतं? दोघांनी मला शाल घातली. त्याचा फोटो रात्रीपर्यंत सगळ्या मोबाईलवर फिरला. जुम्म्याला मशिदीत लोक हात हातात घेऊन म्हणाले, रशीदभाई, नाव काढलंत.

काल वहिनींकडं गेलो. त्यांना तरी सांगावं, एकदा नीट, सुरुवातीपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी त्यांना त्या लिंबावरनं किती बोलले भावजी. भांडन झालं की तेच काडायची. तुमी म्हनता तसं असतं तर एक शबुद तरी बोलले असते ना मला?" मी म्हणालो, नाही बोलला, तो तसाच होता. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हनून बोलताय तुमी. लई जीव हुता तुमचा त्यांच्यावर." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दत्ता, बावीस वर्षांत एकदा तरी चारचौघांत मला आईवरनं शिवी द्यायची होतीस. एकदाच. निदान एक माणूस आज माझ्यावर विश्वास ठेवणारा असता.